विष उतरवणारं मीठ, खाज मोडणारा चुना

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, इशिकावा प्रांतात, मिकावा नावाचं जुनं बंदर आहे. तिथल्या पिंपांत फुगू माशाची गाबोळी मुरत पडलेली असते. फुगू म्हणजे आपल्या कोकणातल्या केंडाचा भाऊबंद. या माशाच्या यकृतात आणि गाबोळीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. उकळा, भाजा, तळा, त्याला काही होत नाही, आणि त्यावर उताराही अजून सापडलेला नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने आपले सैनिक मरायला लागल्यावर फुगू खाण्यावर बंदी घातली. पंतप्रधान इतो हिरोबुमी शिमोनोसेकीत हा मासा चाखून खूश झाले आणि १८८८ साली निदान त्या प्रांतापुरती ती उठली. पण ही सगळी कथा मांसाची. गाबोळी विकायला जपानमध्ये आजही मनाई आहे.

मिकावात मात्र ती विकली जाते, तीही राजरोस.

तिथे ही गाबोळी भरपूर मिठात वर्षभर, कधी त्याहून जास्त ठेवतात. मग धुऊन, तांदळाच्या कोंड्यात थरावर थर रचून, माशाचं खारं पाणी ओतून, वर वजन ठेवून आणखी वर्ष-दोन वर्षं मुरू देतात. पिंप उघडल्यावरही घाई नाही. विष सुरक्षित पातळीच्या खाली आलंय की नाही याची तपासणी होते, आणि मगच माल दुकानात जातो. मीठ गाबोळीतलं पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्याबरोबर विष बाहेर झिरपतं, इथपर्यंतचा उलगडा सोपा आहे. उरलेलं विष नेमकं कशामुळे ओसरतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कोंड्यातल्या सूक्ष्म जिवांवर बराच काळ संशय होता, पण तो पक्का ठरलेला नाही. प्रयोगशाळेला जे अजून पुरतं उमगलेलं नाही, ते या गावकऱ्यांच्या हातांना कित्येक पिढ्यांपासून ठाऊक आहे! पातळ काप करून, निखाऱ्यावर जराशी शेकून, गरम भातावर ठेवून ती खातात. चव खारट, खोल आणि आंबूस. एका घासाला चिमूटभर पुरते.

जपानला निघालेल्या माणसाने सुशी-रामेन जरूर खावं, पण माझा आग्रह या दुसऱ्या जातीच्या पदार्थांसाठी आहे. मुळात जे अन्नच नव्हतं, ते माणसांनी धीर धरून अन्न केलं, असे हे पदार्थ. आणि त्यांतला माझा सर्वांत लाडका आपल्या ओळखीतलाच निघतो.

सुरण चिरताना हाताला तेल का लावतात, हे मराठी घरात सांगावं लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे-रायगडच्या बाजारात येणारी शेवळंही तशीच खाजरी, म्हणून त्यांच्या भाजीत काकडं हवीतच. सुरण, शेवळं आणि माझा तो लाडका जपानी कंद, कोन्याकु, ही तिन्ही अमॉर्फोफॅलस या एकाच वनस्पतिघराण्यातली. तिघांच्याही अंगात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि कच्चं खाल्लं तर ते जिभेला-घशाला टोचतात. आपण त्यावर आंबटाचा उपाय काढला: चिंच, कोकम, काकडं. जपानी माणसाने हात घातला तो चुन्याला. पूर्वी लाकडाच्या राखेचं पाणी वापरत. आता वापरतात तो चुना म्हणजे आपल्या पानाला लावतात तोच.

आणि चुन्याने खाजेबरोबर कंदाचं रूपही पालटलं. कोन्याकुत ग्लुकोमॅनन नावाचं तंतुमय द्रव्य असतं. ते पाणी पिऊन फुगतं. त्यात चुन्याचं पाणी मिसळून उकळलं की त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात आणि एक लवचीक वडी तयार होते. या वडीत शेकडा ९७ भाग निव्वळ पाणी, आणि तरीही ती पुन्हा उकळली तर वितळत नाही. जिलेटिनची जेली उन्हात ठेवली तर पाणी होऊन जाते. कोन्याकु तासन्‌तास रश्श्यात उकळत राहतो आणि आकार सोडत नाही.

हा कंदही सवडीने वाढतो. त्याला थंडी सोसत नाही म्हणून शरदात उकरायचा, उबेला जपायचा, वसंतात पुन्हा लावायचा. बाजारात जायला त्याला सहसा तीन वर्षं लागतात. देशातला ९० टक्क्यांहून जास्त कोन्याकु एकट्या गुन्मा प्रांतात पिकतो. ओला कंद लवकर नासतो, त्यामुळे पूर्वी हंगाम सरला की कोन्याकु संपला. अठराव्या शतकात मितो संस्थानातल्या नाकाजिमा तोएमोन या शेतकऱ्याने त्याच्या चकत्या वाळवून कुटायची युक्ती काढली. कुटलेलं पाखडलं की हलका पिष्टाचा भुगा वाऱ्यावर उडून जातो आणि ग्लुकोमॅननचे जड कण खाली उरतात. त्या पिठाने कोन्याकु बारमाही झाला. दुसऱ्या महायुद्धात याच पिठाच्या खळीने कागद चिकटवून जपानने प्रचंड फुगे बनवले आणि १९४४-४५ मध्ये ९ हजारांहून अधिक फुगे बाँब बांधून अमेरिकेच्या दिशेने सोडले. एका भाजीच्या वाट्याला असंही काम आलं.

कोन्याकुला स्वतःची अशी चव जवळजवळ नाही. पहिल्या घासाला ‘यात आहे काय?’ असं वाटणं साहजिक आहे. गंमत दातांखाली आहे: तो आधी दबतो, मग उसळी मारतो आणि शेवटी तुटतो. हिवाळ्यात ओदेन नावाच्या रश्श्यात मुळ्याशेजारी त्याचे त्रिकोणी तुकडे तरंगत असतात, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानातही. पण त्याचा खरा कस पाहायचा तर काडीला टोचून, गरम करून, वर सोयाबीनचा गोडसर मिसो माखलेला देनगाकु खावा. शिगा प्रांतातल्या ओमि-हाचिमानला गेलात तर तिथे तो लोहाच्या ऑक्साइडने विटेसारखा लाल केलेला मिळतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मांसच वाटतं.

डोंगरात गेलात, म्हणजे शिराकावागोच्या बाजूला, तर तोचीमोची मागा. तोची नावाच्या झाडाचं फळ दिसतं देखणं, पण सॅपोनिनमुळे कडूजहर. ते वाळवायचं, भिजवायचं, सोलायचं, कित्येक दिवस वाहत्या पाण्यात ठेवायचं, मग राखेत मुरवायचं आणि शेवटी चिकट तांदळाबरोबर वाफवून कांडायचं. हजारो वर्षांपूर्वीच्या जोमोन काळातल्या वस्त्यांच्या उत्खननात तोचीच्या टरफलांचे ढीग सापडले आहेत. म्हणजे जपानात भातशेती येण्याच्याही आधीपासून तिथली माणसं हा कडूपणा धुऊन काढत होती. तपकिरी मोचीत तो किंचित उरतो, आणि आतल्या गोड सारणाबरोबर तोच छान लागतो.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. कोन्याकु वनस्पतीच, पण ओदेनचा रस्सा बहुधा बोनिटो माशाच्या किसाचा असतो आणि देनगाकुच्या मिसोतही तो कधी कधी मिसळतात. विचारूनच घ्यावं. कोयासानच्या मठांत मुक्कामाला राहिलात तर हा प्रश्नच उरत नाही. तिथल्या शोजिन नावाच्या शाकाहारी जेवणात मासा नसतो, आणि कोन्याकु ताटात असण्याची शक्यता बरीच असते.