सैनिकाची निवृत्ती आणि राखीव सेवा

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर ओतूर व आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातील गाव लागते. या टापूतील तरुण सैन्यात भरती होतो तेव्हा त्याची जन्मतारीख शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतून उतरून घेतली जाते. तो कोणत्या वर्षी घरी परतणार, हे पुष्कळ अंशी त्याच तारखेवर ठरते. आणि भरतीच्या वेळी नोंदलेली तारीख पुढे बदलून घेणे अत्यंत कठीण असते. मुख्याध्यापकाच्या हातून झालेली एका आकड्याची चूक सैनिकाला अशी आयुष्यभर पुरते.

शासकीय कर्मचाऱ्याची निवृत्ती सर्वसाधारणपणे केवळ वयावर अवलंबून असते. सैनिकाच्या बाबतीत हुद्दा, सेवेची वर्षे आणि वय या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात व सेवा आणि वय यांपैकी जी मर्यादा आधी येईल ती लागू होते. सामान्य गटातील शिपायाची सेवा 17 वर्षांची असून ती 2 वर्षांनी वाढवता येते; मात्र वयाची 42 वर्षे ओलांडता येत नाहीत. नाईकास 22 अधिक 2, हवालदारास 24 अधिक 2 वर्षे मिळतात आणि दोघांची वयोमर्यादा 49 आहे. नायब सुभेदार व सुभेदार 52 व्या, तर सुभेदार मेजर 54 व्या वर्षापर्यंत राहू शकतो. ही 2 वर्षांची वाढ 1998 मधील निर्णयाने आली. ती आपोआप मिळत नाही, त्यासाठी प्रकृतिमान व सेवाभिलेख तपासले जातात. लढाऊ शाखांतील अधिकाऱ्यांत लेफ्टनंट कर्नलपर्यंत 54, ब्रिगेडियरला 56, मेजर जनरलला 58 व लेफ्टनंट जनरलला 60 अशी वये आहेत.

याचा सरळ अर्थ असा की, बढती न मिळालेला शिपाई चाळिशीच्या आतबाहेर, मुले शाळेत असतानाच गावी परततो. निवृत्तिवेतनासाठी शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंतच्या सैनिकांना किमान 15 वर्षांची व अधिकाऱ्यांना 20 वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. थोडी कमतरता असल्यास सक्षम अधिकाऱ्यास काही अटींवर एक वर्षापर्यंतचा काळ माफ करता येतो. ही तरतूद अनेकांना ठाऊक नसते आणि अर्जच केला जात नाही.

राखीव सेवा म्हणजे काय, याविषयी ग्रामीण भागात बराच संभ्रम आढळतो. 1888 च्या राखीव सैन्यदलविषयक अधिनियमाखाली ही व्यवस्था उभी आहे. एके काळी पायदळातील शिपाई 7 वर्षे प्रत्यक्ष सेवा करी आणि पुढील 8 वर्षे राखीव दलात राही. म्हणजे घरी शेती करावी, पण बोलावणे आले की हजर व्हावे. प्रत्यक्ष व राखीव मिळून 15 वर्षे पूर्ण केलेल्यास राखीव निवृत्तिवेतन किंवा त्याऐवजी एकरकमी उपदान घेण्याची मुभा होती. रोख रकमेची निकड असल्याने ज्याने उपदान स्वीकारले, त्याची निवृत्तिवेतनाची वाट तेथेच संपली. प्रत्यक्ष सेवेचा काळ पुढे वाढत गेला आणि हा प्रकार मागे पडला. परंतु त्या पिढीच्या विधवांचे अर्ज हाताळताना जुन्या सेवामुक्ती पुस्तिकेत ‘राखीव दलात बदली’ हे शब्द आहेत की ‘सेवामुक्त’, हे प्रथम पाहावे लागते. एका शब्दावर सारे प्रकरण उभे असते.

प्रादेशिक सेना ही यापेक्षा निराळी आहे. 1948 च्या अधिनियमान्वये ती स्थापन झाली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. आपला नागरी व्यवसाय सांभाळून वर्षातील ठरावीक काळ लष्करी प्रशिक्षण घेणारे हे दल आहे. मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न असलेली 101 क्रमांकाची प्रादेशिक पलटण पुण्यात आहे. येथे निवृत्तिवेतनासाठी नाव नोंदल्यापासूनची वर्षे मोजत नाहीत. शासनाने प्रत्यक्ष पाचारण करून रुजू ठेवलेला काळच धरला जातो. जवानांस तो 15 वर्षे व अधिकाऱ्यांस 20 वर्षे भरावा लागतो. वीस वर्षे दलात काढूनही प्रत्यक्ष पाचारणाचा काळ अपुरा राहिल्याने रिकाम्या हाताने परतणे त्यामुळे शक्य आहे. प्रत्येक पाचारणाचा आदेश व त्यानंतरची मुक्तता यांची नोंद सैनिकाने स्वतःजवळ ठेवणे हाच यावर उपाय होय. पाचारण झालेल्या कर्मचाऱ्यास परतल्यावर पूर्वीच्या नोकरीत घेण्याचे बंधन याच अधिनियमाने मालकावर घातले आहे. शिक्षक वा ग्रामसेवक या दलात असल्यास त्याच्या कार्यालयाने हे ध्यानी ठेवावे.

जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने शिपायांच्या भरतीचे स्वरूप बदलले. अग्निवीर 4 वर्षे सेवा करतो. त्यांपैकी 25 टक्क्यांपर्यंत तरुणांना नियमित सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना सेवानिधीची सुमारे 11.71 लाख रुपयांची रक्कम मिळते, निवृत्तिवेतन व उपदान मात्र नाही. पंचविशीच्या आत परतणाऱ्या या तरुणाचा प्रश्न चाळिशीत परतणाऱ्या हवालदाराहून वेगळा आहे आणि त्याला जुन्या मापाने मोजता येणार नाही.

निवृत्त सैनिकाचे पहिले काम म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी. सैनिकाचे मूळ अभिलेख मात्र त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे ते बेळगावला आहे. विवाह, अपत्यांचे जन्म आणि पत्नीच्या नावाचे अचूक लेखन यांची नोंद तेथे सेवेत असतानाच व्हावयास हवी. रेशनकार्डावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि सेवाभिलेखात तिसरे असल्यास कुटुंब निवृत्तिवेतन वर्षानुवर्षे अडकते. अशा वेळी ग्रामपंचायतीचा विवाह व जन्म नोंदीचा दाखलाच कामी येतो.

‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून आता निवृत्तिवेतन अदा होते व हयातीचा दाखला दरवर्षी तीतच द्यावा लागतो. वृद्ध निवृत्तिवेतनधारकाचा अंगठा यंत्राने ओळखला नाही तर रक्कम थांबते आणि आळेफाट्याहून पुण्याची बस धरावी लागते. गावातील सेवा केंद्रचालकास ही प्रणाली हाताळता येते की नाही, याची चौकशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबरपूर्वीच करून ठेवावी.