सलग चार पराभव आणि प्रशिक्षकाची खुर्ची

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डीचं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुढचा हंगाम संपत आला, तेव्हा बाकावर तेच रमेश होते आणि गतविजेती पलटण पहिल्या सहांतही नव्हती. मग प्रशिक्षक बदलला. भारताचा माजी कर्णधार अजय ठाकूर आला, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ला पलटण पुन्हा अंतिम सामन्यात उभी राहिली. दबंग दिल्लीने तिला ३१-२८ असं, अवघ्या तीन गुणांनी हरवलं.

आता सांगा, पलटणला वर कुणी नेलं आणि खाली कुणी आणलं?

नंदुरबारचा स्वतःचा संघ या लीगमध्ये नाही, त्यामुळे इथे कोणाची बाजू घ्यायची याला बंधन नाही. कुणी पलटणचा, कुणी यू मुम्बाचा, आणि सुरत पुण्यापेक्षा कितीतरी जवळ असल्यामुळे कुणी गुजरात जायंट्सचा. चहाच्या टपरीवर विषय निघाला की एक जण म्हणतो, रमेश गेले ते बरं झालं, ठाकूर येताच पोरं कशी खेळली बघा. दुसरा म्हणतो, अरे भाऊ, कप आणला तो कुणी? तिसरा शादलूचं नाव काढतो, आणि त्याच्याकडे पत्ते चांगले असतात. इराणचा मोहम्मदरेझा शादलू विजेतेपदाच्या हंगामात पलटणकडे होता. पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. म्हणजे कप शादलूच्या मागे चालतो! पण त्याच्या पुढच्या लिलावात शादलू गुजरातला गेला आणि गुजरात प्लेऑफपर्यंतही पोचला नाही. चौथा मग कर्णधार अस्लम इनामदारच्या दुखापतीची आठवण करून देतो. सगळ्यांचं थोडं थोडं खरं असतं आणि वाद काही मिटत नाही.

या वादात एक पाचवी बाजू आहे. तिच्यासाठी कुणी भांडत नाही, कारण तिला चेहरा नाही.

खिशातून एक नाणं काढा. छापा म्हणजे जिंकलो, काटा म्हणजे हरलो. ते २२ वेळा उडवा. रमेशांच्या त्या दोन्ही हंगामांत प्रत्येक संघाला साखळीत २२ सामने होते, म्हणून २२. हे नाणं म्हणजे असा संघ, जो ना चांगला ना वाईट. त्याची ताकद पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत केसाएवढीही हलत नाही. अशा संघाच्या वाट्याला त्या २२ सामन्यांत कुठेतरी सलग चार पराभव येण्याची शक्यता किती असेल? शंभरात दहा वाटतं, फार तर वीस.

हिशेब मांडला तर उत्तर शंभरात ५१ पेक्षा जास्त येतं. २२ वेळा नाणं उडवण्याचे एकूण ४१,९४,३०४ वेगवेगळे क्रम होऊ शकतात. त्यातल्या फक्त २०,३३,६२८ क्रमांत चार काटे लागोपाठ येत नाहीत. उरलेल्या सगळ्यांत ते येतात! शहाद्याच्या एखाद्या शाळेत चाळीस मुलांना हा उद्योग द्या, निम्म्यांच्या वहीत कुठे ना कुठे चार पराभवांची ओळ सापडेल. लीगमध्ये बारा संघ आहेत. सगळे अगदी तोडीस तोड असले तरी दर हंगामात त्यांपैकी सरासरी सहा संघांवर ही वेळ येईल. चार पराभव झाले की मालक अस्वस्थ होतात, चाहते संतापतात, प्रशिक्षकाच्या बदलीची चर्चा सुरू होते. आणि नाण्याचं तर काहीच बिघडलेलं नसतं.

हे पहिल्यांदा आकड्यांत पाहिलं की अंगावर शहारा येतो.

खरा सामना नाण्यासारखा नसतो, हे मान्य. पण कबड्डीचा सामना किती बारीक धाग्यावर लटकलेला असतो ते पाहा. खेळ ४० मिनिटांचा, एक चढाई ३० सेकंदांची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८० च्या आसपास चढाया. अंतिम सामन्यात फरक तीन गुणांचा. एक लोण चढला की दोन गुण. तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरलेले असताना पकड झाली की एक गुण जास्त. चढाईपटूचा हात मध्यरेषेला बोटभर आधी टेकला की त्याला धरणारे सगळे रक्षक बाद, बोटभर कमी पडला की तो स्वतः बाद. त्या बोटभर अंतरात प्रशिक्षकाचा वाटा असतोच, पण नशिबाचाही असतो.

आता गोष्टीचा पुढचा भाग. प्रशिक्षक नेमका कधी बदलतात? संघ सगळ्यात खाली गेलेला असतो तेव्हा. तो खाली जातो त्यात थोडी खरी कमजोरी असते आणि थोडं खराब नशीब. कमजोरी राहते, नशीब मात्र सलग तसंच राहत नाही. त्यामुळे काहीही केलं नाही तरी पुढचे काही सामने बहुधा बरे जातात. नवा प्रशिक्षक नेमका त्याच वेळी दारातून आत येतो आणि श्रेय त्याच्या गळ्यात पडतं.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली ही ओढ नीट मोजून दाखवली, आणि तीही माणसांच्या उंचीत. २०५ आईबापांच्या जोड्या आणि त्यांची वाढ पूर्ण झालेली ९२८ मुलं. फार उंच आईबापांची मुलं उंचच निघाली, पण आईबापांइतकी नाही. फार बुटक्यांची मुलं बुटकी, पण थोडी कमी बुटकी. टोकाला गेलेलं सगळं सरासरीकडे ओढलं जात होतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात असामान्य घोडीचं शिंगरू विकत घेणाऱ्यालाही हा अनुभव येतो: शिंगरू चांगलं निघतं, आईसारखं क्वचितच.

याच ओढीने शिकवणाऱ्यांना किती फसवलं आहे! मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा एक अनुभव नोंदवला आहे. त्या प्रशिक्षकांचं म्हणणं होतं की, उत्तम उड्डाणाचं कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, आणि वाईट उड्डाणावर ओरडलं की सुधारतं. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पण ओरडले नसते तरीही ते तसंच घडलं असतं.

मग प्रशिक्षक बदलण्याचा परिणाम मोजायचा कसा? बदल केला नसता तर काय झालं असतं, हे दाखवणारा दुसरा संघ शेजारी ठेवायला हवा. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास टेर वील यांनी हेच केलं. त्यांनी १९८६ ते २००४ या काळातलं डच फुटबॉल घेतलं. एका बाजूला घसरण झाल्यावर प्रशिक्षकाला काढणारे संघ, दुसऱ्या बाजूला तेवढीच घसरण होऊनही प्रशिक्षकाला न काढणारे संघ. काढणारे सावरले. न काढणारेही तितकेच सावरले, आणि जरा लवकरच. चाहत्यांचा आनंद, पत्रकार परिषदेतली आश्वासनं, नव्या माणसाबरोबर आलेलं नवं वारं, या सगळ्यातून जे मिळालं ते जुन्या माणसाला ठेवूनही मिळणार होतं.

हा वाद जगात सगळ्यात निखळ रूपात कुठे होत असेल तर आयर्लंडमध्ये. तिथे गेलिक फुटबॉल नावाचा खेळ आहे. पंधरा-पंधरा खेळाडू, चेंडू हाताने धरताही येतो आणि लाथेने मारताही येतो. तो गोलजाळीत गेला तर तीन गुण, आडव्या दांड्यावरून गेला तर साधारणपणे एक. १८८४ साली स्थापन झालेली संघटना तो चालवते. ३२ परगण्यांचे संघ आणि खेळाडूंना पगार नाही. शिक्षक, शेतकरी, सुतार दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येतात. लिलाव नाही, खरेदी-विक्री नाही. साधारणपणे ज्या परगण्यात जन्मलात, वाढलात, त्याच्याकडूनच खेळायचं. धडगावच्या पोराने नंदुरबारकडूनच खेळावं आणि पुण्याने कितीही पैसे दाखवले तरी जाऊ नये, तसा हा नियम. साहजिकच संघ हरू लागला की बदलता येतो तो एकच माणूस, मॅनेजर. खेळाडू बदलता येत नसल्यामुळे परगण्याचा सगळा राग आणि सगळी आशा त्या एका खुर्चीवर येऊन बसते.

आर्मा परगण्याची हकिगत मला या संदर्भात फार मोलाची वाटते. किरन मॅकगीनी हा त्यांच्या २००२ च्या, तोवरच्या एकमेव अखिल आयर्लंड विजेत्या संघाचा कर्णधार. २०१५ च्या हंगामापासून तो मॅनेजर झाला. वर्षामागून वर्षं गेली, करंडक आला नाही. २०२२ ते २०२४ मध्ये चार मोठे सामने तो पेनल्टींवर हरला, म्हणजे पूर्ण वेळ आणि जादा वेळ बरोबरीत काढून. २०२३ मध्ये त्याला ठेवायचं की नाही यावर परगण्यातल्या क्लबांच्या प्रतिनिधींचं मतदान घ्यावं लागलं. बहुमताने ठेवलं. जुलै २०२४ मध्ये त्याच्या दहाव्या हंगामात आर्माने गॅलवेविरुद्ध अंतिम सामना जिंकला. गुण मोजले तर १४ विरुद्ध १३. एका गुणाने! तो एक गुण उलट पडला असता तर दहा वर्षं चिकटून राहिलेला हट्टी माणूस म्हणून त्याची नोंद झाली असती. माणूस तोच, त्याचं कामही तेच राहिलं असतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की प्रशिक्षक म्हणजे नुसती शोभा. तसं मुळीच नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच विभागात आहे.

नाशिकच्या शैलजा जैन यांनी कबड्डीत आयुष्य घातलं. भारतीय महिला संघाची जबाबदारी त्यांना मिळाली नाही. इराणने बोलावलं, आणि त्या गेल्या. २०१४ च्या एशियाडच्या अंतिम सामन्यात भारताने इराणच्या महिलांना ३१-२१ असं हरवलं होतं. दहा गुणांचा फरक एखाद्या जोशपूर्ण भाषणाने मिटत नाही. जैन यांनी फारसी शिकायला घेतली. मुलींना योगासनं आणि प्राणायामाची सवय लावली. सुमारे दीड वर्ष हे काम चाललं. कबड्डी हा मुळात श्वासाचाच खेळ. चढाईपटूचा दम म्हणजे त्याचं घड्याळ, त्याचा धीर आणि त्याची मर्यादाही. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात इराणच्या महिलांनी भारताला २७-२४ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य सामन्यात हरवलं होतं. १९९० पासून एकही सुवर्ण न सोडलेल्या त्या भारतीय संघाचा कर्णधार होता अजय ठाकूर. 

जैन यांचा विजयही तीनच गुणांचा, त्यातही नशीब असणारच. पण दहा गुणांची दरी तीन गुणांच्या झुंजीपर्यंत आणणं हे नशिबाचं काम नव्हे. प्रशिक्षकाचा हात अशा जागी दिसतो. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा रक्षक एकमेकांकडे न पाहता साखळी पकड करतात, ती महिन्यांच्या सरावातून येते. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या वेळी कुणाला पाठवायचं, त्याने कोणत्या रक्षकावर जायचं, हे आधीच ठरलेलं असतं. गुणफलकावर यातलं काही लिहून येत नाही. पुढच्या हंगामात सामना बघताना फक्त तिसऱ्या चढाया बघा. प्रशिक्षकाबद्दल त्या निकालापेक्षा जास्त सांगतात.

आणि एका संघापुरतं बघू नका. म्हणून टपरीवरच्या त्या दुसऱ्या भाऊचं, रमेशांच्या बाजूचं म्हणणं मला जास्त वजनदार वाटतं. २०१९ मध्ये रमेशांनी बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलं. २०२२ मध्ये पलटण अंतिम फेरीत गेली, २०२४ मध्ये विजेती झाली. मग ते बंगळूरला गेले. आदल्या हंगामात तळाला असलेला बंगळूर बुल्स संघ २०२५ मध्ये प्लेऑफमध्ये होता. तिथे लिलावात खेळाडूही बरेच बदलले होते, त्यामुळे सगळं श्रेय त्यांना देता येणार नाही. पण निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या पोरांबरोबर तेच पुन्हा पुन्हा घडू लागलं की नाण्याचा संशय मागे पडतो. ठाकूरच्या नावावर सध्या एकच हंगाम आहे, आणि तोही मोठा. आणखी दोन-तीन हंगाम त्याला द्या, मग नंदुरबारात या विषयावर खरं भांडता येईल.