हजार माणसांमागे एक आशा

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, ताप मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं.

आता असंच काम देशभरात सुमारे १० लाख ‘आशा’ स्वयंसेविका करतात. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली: साधारण हजार लोकवस्तीमागे एक, आणि ती त्याच गावची. दवाखान्यात बाळंत होऊन आलेल्या बाईकडे ती ४२ दिवसांत सहा वेळा जाते. सहाही भेटी झाल्या की २५० रुपये.

म्हणजे तिला बराचसा पैसा कामागणिक मिळतो, आणि तिच्या कामातल्या ताणाची पहिली गाठ इथेच बसते. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ६०० रुपये आहेत. त्यातले निम्मे गरोदरपणातल्या देखरेखीचे, निम्मे दवाखान्यात नेण्याचे. पण आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते! महिनोन्‌महिने तपासण्यांसाठी पाठपुरावा करावा सासरच्या आशाने, आणि रात्री कळा सुरू झाल्यावर १०२ ला फोन करावा दुसऱ्याच गावच्या आशाताईने.

दुसरी गाठ नात्यांची. आशा बहुतेकदा गावची सून. सासऱ्याच्या वयाच्या माणसाला क्षयाच्या गोळ्या घेतल्या का हे विचारायचं, तरुण जोडप्याशी पाळणा लांबवण्याबद्दल बोलायचं, आणि उद्या त्याच घरी हळदीकुंकवालाही जायचं. बाळ दगावलं, तर डॉक्टर तालुक्याला असतो. ही शेजारीच राहते. कोरोनात घरोघरी ऑक्सिजन मोजत फिरणाऱ्या आशांना काही ठिकाणी दारातही उभं केलं गेलं नाही.

अशा ताणाबद्दल समाजशास्त्रज्ञ योहानेस झीगरिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं, की कष्ट जास्त आणि परतफेड कमी असली की माणूस आजारी पडण्याचा धोका वाढतो. परतफेड तीन प्रकारची: पैसा, मान, नोकरीची शाश्वती. यातला मान द्यायला सगळ्यात स्वस्त, तो मिळालाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांना जागतिक पुरस्कार दिला. शाश्वतीचं घोडं मात्र अडलेलंच, कारण कागदोपत्री त्या स्वयंसेविका, कर्मचारी नव्हेत.

पैशासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांनी जून २०२१ मध्ये संप केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा. तेव्हाच्या आश्वासनाचा शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तिसऱ्यांदा. अखेर मार्चमध्ये दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली, नोव्हेंबरपासूनच्या थकबाकीसह. कामागणिक मोबदल्याचे तक्ते दर महिन्याला आजही भरावे लागतात.