गादीवाफ्याची माती : साहित्य कोठे शोधावे व कसे पारखावे

भाजीपाल्याचा पहिला वाफा करावयास निघालेल्या माणसाची खरी अडचण बियाण्याची नसते. बियाणे कोणत्याही शहरात मिळते. अडचण येते ती मातीची. घराभोवतीची जमीन पुष्कळदा बांधकामाच्या राड्यारोड्याने भरलेली असते, किंवा ती इतकी चिकट असते की, पावसाळ्यात तीत पाणी साचून मुळे सडतात. अशा ठिकाणी विटांची किंवा फळ्यांची चौकट करून तीत जमिनीपेक्षा उंच वाफा भरणे, हा सोयीचा मार्ग होय. माळी लोक रोपे तयार करण्यासाठी जो गादीवाफा करतात त्याचाच हा अधिक खोल व कायमचा प्रकार आहे. चौकट एका दिवसात उभी राहते. ती कशाने भरावी, या प्रश्नापाशी मात्र नवखा मनुष्य थबकतो.

प्रथम साहित्य किती लागेल याचा अंदाज घेऊ. वाफा २ मीटर लांब, १ मीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल धरला, तर त्यात ६०० लिटर मिश्रण मावते. १५ लिटरच्या बादलीने मोजल्यास ह्या ४० बादल्या होतात. रुंदी १ मीटरच्या आसपास ठेवण्याचे कारण असे की, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा व वाफ्यात पाय ठेवण्याची वेळ येऊ नये. पाय पडला की माती दबते आणि सारे श्रम वाया जातात. हाच वाफा गच्चीवर करावयाचा असेल, तर भिजल्यानंतर त्याचे वजन पाऊण टनाहून अधिक भरू शकते, हे ध्यानात ठेवून आधी जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

नावाकडे पाहू नये, कामाकडे पाहावे

इंग्रजी पुस्तकांतून मिश्रणाच्या अनेक कृती आढळतात. इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स व न्यूवेल ह्या दोघांनी १९३० नंतरच्या दशकात कुंड्यांसाठी जे मिश्रण बसविले, त्यात ७ भाग पोयट्याची माती, ३ भाग पीट आणि २ भाग वाळू होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मिश्रणांत बारीक वाळू व पीट हीच मुख्य द्रव्ये होती. पीट म्हणजे थंड व दलदलीच्या प्रदेशात हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेले शेवाळ. आपल्याकडील वाचक ही कृती हाती घेऊन पीट शोधीत दुकानोदुकानी फिरतो, आणि ते न मिळाल्यामुळे किंवा त्याची किंमत ऐकून नाद सोडून देतो.

वस्तुतः कृतीतील पदार्थाचे नाव महत्त्वाचे नाही. तो पदार्थ कोणते काम करतो हे महत्त्वाचे. चांगल्या मातीला चार कामे करावी लागतात. मुळांना आधार देणे हे पहिले. ते मातीतील खनिज कणांमुळे होते. मुळांना हवा पुरविणे हे दुसरे; त्यासाठी कणाकणांमध्ये मोठ्या पोकळ्या हव्यात, म्हणजे जादा पाणी निथळून त्याच्या जागी हवा शिरते. तिसरे काम ओलावा धरून ठेवण्याचे. ते चिकणमातीचे सूक्ष्म कण व कुजलेले सेंद्रिय पदार्थ करतात. चौथे काम अन्न पुरविण्याचे. नत्र, स्फुरद, पालाश व इतर द्रव्ये मुळांना घेता येतील अशा रूपात आणून देणारे असंख्य जीवाणू सेंद्रिय पदार्थांवरच पोसले जातात. इंग्लंडमध्ये पीट जे काम करते तेच काम आपल्याकडे कुजलेले शेणखत, कंपोस्ट किंवा काथ्याचा भुसा करू शकतो. तेव्हा पदार्थांची यादी बाजूला ठेवून, ही चार कामे करणारे काय काय आपल्या गावात मिळते, एवढेच शोधावयाचे आहे.

प्रदेशपरत्वे साहित्य

आपला देश एवढा विस्तीर्ण आहे की एकच कृती सर्वत्र लागू पडणे शक्य नाही. गंगा-यमुनेच्या मैदानात गाळाची माती विपुल आहे. ती सुपीक असली, तरी तिचे कण बारीक असल्याने पाण्याच्या माऱ्याने तिच्यावर कवच धरते. म्हणून तिला मोकळेपणा आणणाऱ्या भरड पदार्थाची जोड हवी. उत्तर प्रदेशात साखर कारखान्यांतील प्रेसमड कुजवून खत म्हणून वापरतात. ताजे प्रेसमड मात्र तापते व त्याला दुर्गंधी येते. ते पुरते कुजल्यावाचून वाफ्यात घालू नये.

बंगाल, ओरिसा (आताचा ओडिशा) व आंध्र ह्या भातपिकाच्या प्रदेशांत भातगिरण्यांपाशी तुसांचे ढीग पडलेले असतात. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूसच असते. ते अर्धवट जाळून केलेला काळा कोळसा हलका व सच्छिद्र असतो, आणि मातीत हवा खेळती ठेवण्यास तो उत्तम. पूर्ण जळून पांढरी झालेली राख मात्र बहुतांशी सिलिकाची असते. ती पोकळी राखीत नाही.

दक्षिणेच्या पठारावर तांबडी माती सहज मिळते. तिच्यातून पाणी चांगले निथळते; परंतु तीत नत्र व सेंद्रिय अंश थोडे असतात, आणि वाळली की ती टणक होते. कर्नाटक, तेलंगण व तामिळनाडू येथील शेतकरी उन्हाळ्यात आटलेल्या तलावांतील गाळ काढून शेतात पसरतात. तेलंगणात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन काकतीय’ योजनेत असा गाळ मोठ्या प्रमाणावर शेतांत गेला. तांबड्या मातीला जे उणे असते, म्हणजे बारीक कण आणि सेंद्रिय अंश, ते ह्या गाळात असते.

केरळात व कोकणपट्टीत जांभा दगडापासून झालेली माती आम्लधर्मी असते. तिला थोडा चुना मानवतो. ह्याच किनाऱ्यावर नारळाच्या सोडणापासून काथ्या काढताना जो भुसा उरतो तो आज ‘कोकोपीट’ या नावाने दाबलेल्या विटांच्या रूपात देशभर विकला जातो. पाच किलोची वीट भिजली की तिचा साधारण साठ ते सत्तर लिटर भुसा होतो. हा भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. पण सोडणे पुष्कळदा खाडीच्या मचूळ पाण्यात कुजविलेली असल्याने त्यात क्षार राहतात. म्हणून तो गोड्या पाण्यात दोनतीनदा भिजवून निथळून घ्यावा. त्यात अन्नांश फारसा नसतो. तेव्हा त्याला खताचा पर्याय समजू नये.

दख्खनच्या व माळव्याच्या काळ्या मातीची गोष्ट निराळी. ती ओली झाली की फुगते व वाळली की भेगाळते. तीत अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती मोठी; पण केवळ तिनेच वाफा भरला, तर पावसाळ्यात मुळे गुदमरतात. मूठभर वाळूने ही माती सुटी होत नाही. तीत भरड पदार्थ व कंपोस्ट भरपूर मिसळावे लागते. वाळू महाग किंवा दुर्मीळ असेल, तर खडी फोडण्याच्या ठिकाणची भरड कच किंवा पक्क्या विटांचे बारीक तुकडे चालतात. समुद्राची वाळू क्षारामुळे व सिमेंटचा राडा त्यातील चुन्यामुळे वर्ज्य समजावा.

कंपोस्ट : मिश्रणाचा प्राण

सर्व पदार्थांत कंपोस्टाला दुसऱ्या कशाची सर नाही, आणि ते तयार करण्याच्या शास्त्रशुद्ध रीतींचा उगम बराचसा आपल्याच देशातला आहे. इंदूर येथील संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसविली. हे सर्व काम त्यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे १९३९ मध्ये बंगलोर येथे सी. एन. आचार्य यांनी दुसरी पद्धत मांडली. तीत खड्ड्यातील थर चिखलाने लिंपून बंद करतात. ढीग वरखाली करावा लागत नाही, पण खत तयार होण्यास अधिक काळ लागतो.

येथेच नवख्या माणसाच्या हातून सर्वांत मोठी चूक होते. शेणखत म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा अर्धकच्चे असते. असे खत वाफ्यात पडले की कुजण्याची क्रिया तेथे चालू होते. उष्णतेने कोवळी मुळे करपतात, आणि त्यातून हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या आल्या तर त्या रोपांची मुळे कुरतडतात. लाकडाचा भुसा, चिपाडे किंवा वाळलेले गवत न कुजविता मिसळले, तर दुसराच अपाय होतो. जीवाणूंना शरीर घडविण्यासाठी कर्बाबरोबर नत्रही लागतो. लाकडाच्या भुशात नत्राच्या काही शेपट कर्ब असतो. तो पचविण्यासाठी जीवाणू भोवतालच्या मातीतला नत्र ओढून घेतात, आणि भाजीची पाने पिवळी पडतात. उत्तम कंपोस्टात हे प्रमाण विसापेक्षा कमी असते. माळी निष्काळजी नव्हता, बियाणेही खोटे नव्हते. तरी पहिला वाफा फसतो तो बहुधा याच कारणाने.

शहरांतील कचऱ्यापासून केलेले कंपोस्ट स्वस्त मिळते. त्याच्यासाठी १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात प्रमाणे घालून दिलेली आहेत; दर किलोग्रॅममागे शिशाची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. पोत्यावर तपासणीची नोंद नसेल आणि आत काचेचे व प्लास्टिकचे तुकडे दिसत असतील, तर ते खत फुलझाडांना घालावे, पालेभाजीला नव्हे. जुन्या रंगाचे पोपडे पडलेल्या भिंतींजवळची किंवा बॅटऱ्यांच्या कारखान्याजवळची मातीही घेऊ नये. शिसे डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याचा अपाय सर्वांत जास्त होतो तो लहान मुलांना. दगडी कोळशाची राखही त्याच कारणास्तव टाळावी.

घरच्या घरी चार परीक्षा

पहिली परीक्षा बाटलीची. काचेच्या सरळ बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी व चिमूटभर कपडे धुण्याची भुकटी घालून बाटली जोराने हलवावी व ठेवून द्यावी. वाळू एखाद्या मिनिटात तळाशी बसते, पोयटा काही तासांत बसतो आणि चिकणमाती एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ घेते. तीन थरांची जाडी मोजली की मातीची जात कळते.

दुसरी परीक्षा व्हिनेगरची. कोरड्या मातीवर ते टाकताच फसफसले, तर तीत चुनखडी आहे. अशा मातीत चुना किंवा लाकडाची राख घालू नये.

तिसरी परीक्षा खताची. तयार खताला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. अमोनियाचा उग्र दर्प आल्यास ते कच्चे समजावे. ओले करून पोत्यात बांधलेले खत दोनतीन दिवसांनी हाताला गरम लागले, तरीही तोच निष्कर्ष.

चौथी परीक्षा सर्वांत विश्वसनीय, ती बियाण्याची. एका कुंडीत निव्वळ माती आणि दुसरीत निम्मी माती व निम्मे खत घेऊन दोहोंत मुळ्याचे किंवा मेथीचे दहा दहा दाणे टाकावेत. आठवड्याने खताच्या कुंडीत रोपे कमी उगवली किंवा पिवळट दिसली, तर ते खत आणखी दोन महिने कुजू द्यावे. ज्यांना अधिक नेमकी माहिती हवी असेल त्यांनी जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात चौकशी करावी. पुष्कळ केंद्रांत माती तपासून मिळते.

मिश्रण व त्यानंतर

मध्यम प्रतीची माती असल्यास ४० बादल्यांचे प्रमाण असे ठेवावे : माती २०, कंपोस्ट किंवा पुरते कुजलेले शेणखत १२, आणि भरड वाळू, कच अथवा तुसांचा कोळसा ८. काळी माती असल्यास माती १६, खत १२ व भरड पदार्थ १२ घ्यावेत. माती मुळातच रेताड असेल, तर भरड पदार्थ वगळून माती १६, खत १४ व तलावाचा गाळ १० असे प्रमाण घ्यावे. निंबोळी पेंड मिळाल्यास दोनतीन किलो मिसळावी. सर्व द्रव्ये किंचित ओलसर असतानाच फावड्याने दोनतीनदा खालीवर करावीत, वाफा काठोकाठ भरावा, पाणी द्यावे आणि बी टाकण्यापूर्वी आठदहा दिवस थांबावे. ह्या काळात माती खाली बसते. तितकी पुन्हा भरावी.

बाजारातील ‘बागेची माती’ घेताना एक विचार मनात असावा. ती कोणत्या तरी शेताचा वरचा थर असते. निसर्गाला असा थर घडविण्यास शतके लागतात आणि ट्रकमध्ये तो भरण्यास एक तास पुरतो. त्याऐवजी शेजारी चाललेल्या पायाच्या खोदाईतील माती किंवा तलावाचा गाळ मिळविला व त्याला कंपोस्टाने जिवंत केले, तर आपली बाग दुसऱ्याचे शेत उघडे पाडीत नाही.

शेवटी लक्षात ठेवावयाचे ते हे की, वाफा एकदा भरला म्हणून काम संपत नाही. सेंद्रिय पदार्थ कुजत जातात व वाफ्याची पातळी दरवर्षी खाली येते. प्रत्येक हंगामाच्या आरंभी चारपाच बादल्या कंपोस्ट वर पसरावे आणि उघडी माती पालापाचोळ्याने झाकून ठेवावी. स्वयंपाकघरातील भाजीची देठे व साली कोपऱ्यातील खड्ड्यात साठवीत गेल्यास दुसऱ्या वर्षीचे खत विकत घ्यावे लागत नाही. दोनतीन वर्षांत निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या त्या पदार्थांची वेगवेगळी ओळख उरत नाही. मातीत बोट सहज शिरते, गांडुळे दिसू लागतात आणि पाणी ओतताच मुरते. मग त्या मिश्रणाला माती म्हणावयास हरकत नाही.