तोंड उघडण्याची किंमत

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मार्च 2018 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2020 मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन कामगार मेले. असे काही घडले की यंत्रांची चौकशी होते, परवान्यांची होते. पण कारखान्यात कोण कोणाशी बोलू शकतो याची चौकशी होत नाही. खरे तर ती आधी व्हायला हवी.

रिअ‍ॅक्टरचा आवाज बदलला, सांध्यातून वास येऊ लागला, तर ते प्रथम कळते शेजारी उभ्या असलेल्या हेल्परला. हा हेल्पर बहुधा ठेकेदाराचा माणूस. कधी वारली-कातकरी पाड्यावरचा, कधी उत्तर प्रदेश-बिहारहून आलेला. मग तो बोलत का नाही? हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा कायम नोकरीतला असतो! ठेक्यावरच्या माणसाला काढायला लेखी हुकूम लागत नाही. उद्या गेटवर त्याला आत घेतले नाही की संपले. त्याचे गप्प राहणे हे अज्ञान नव्हे, तो पोटाचा हिशेब आहे.

अमेरिकेतील हार्वर्डच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात इस्पितळांतील गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांत चुका जास्त घडत नव्हत्या, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. आपल्याला अपमान वा शिक्षा सोसावी लागणार नाही, या गटाच्या भरवशाला त्यांनी 1999 च्या निबंधात मानसिक सुरक्षितता म्हटले. म्हणजे ज्या खात्याच्या वहीत वर्षभर एकही तक्रार नाही, त्या खात्याची भीती वाटली पाहिजे.

आपल्याकडे या भीतीला जातीचे अस्तर आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, कारण तुटलेला धागा जोडताना तोंड लावावे लागे. ज्याच्या तोंडाने धागा विटाळतो, त्याच्या तोंडचा शब्द साहेब कशाला ऐकेल? आज धागा नाही, पण "तू मला शिकवणार?" हे वाक्य शाबूत आहे.

भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी, तीत कामगारांचे प्रतिनिधी व्यवस्थापनाइतकेच हवेत, असे त्या दुरुस्तीने ठरवले होते. आणि धोका दिसताच वरिष्ठांना व त्याच वेळी कारखाने निरीक्षकांना कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हा हक्क किती हेल्परांना कोणी त्यांच्या बोलीत वाचून दाखवला आहे?

भिंतीवर 'मोकळेपणाने बोला' अशी पाटी लावून कोणी बोलत नाही. सुपरवायझरने पाळीच्या सुरुवातीला स्वतः विचारावे : काल काय वेगळे दिसले? जे सांगितले त्याचे काय झाले, ते दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर सांगावे. शंका चुकीची ठरली तरी सांगणाऱ्याची टिंगल होऊ देऊ नये. एकदा हसे झालेला माणूस खरा धोका दिसला तरी गप्प बसेल. आणि धोका सांगणाऱ्या ठेका कामगाराला महिनाभरात काढले, तर कारण लेखी द्यावे लागेल, एवढे संघटनांनी करारात घालून घ्यावे. सुरक्षा समितीत ठेक्यावरचा एक तरी माणूस बसवावा, ही मागणी त्याच्याही आधीची.