तोफेचा गोळा, आगलावा बाँब आणि चर्चचे छप्पर

हैदराबादच्या आबिड्स भागाला लागूनच गनफाउंड्री आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या चाकरीतील फ्रेंच सेनानी रेमाँ याने तेथे तोफा व गोळे ओतण्याचा कारखाना घातला. लोक त्याला ‘तोप का सांचा’ म्हणत. पुढे एकोणिसाव्या शतकात याच परिसरात सेंट जोसेफ कॅथीड्रल उभे राहिले. आबिड्सचे सेंट जॉर्ज चर्चही त्याच शतकातले.

तोफेचा गोळा भिंत फोडी. भिंत जितकी जाड, तितके भय कमी. विसाव्या शतकातील आगलाव्या बाँबने हा हिशेब पालटला. तो भिंतीच्या वाटेस जात नाही, छप्पर गाठतो. युरोपातील जुन्या चर्चच्या भिंती दगडी, पण माथा बहुधा लाकडी असे : शतकानुशतके वाळलेल्या तुळया आणि त्यांवर शिशाचा पत्रा. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन आगलावा बाँब अवघा एक किलो वजनाचा. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची नळी आणि पोटात थर्माइट. तो छपरात अडकून पेटे. त्यावर पाण्याचा लोट सोडला तर ज्वाला अधिकच भडकत. वेळीच वाळू टाकावी लागे.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलवर पहारेकऱ्यांनी पहिले बाँब विझविले. पण मागून वर्षाव होतच राहिला आणि पाणीही अपुरे पडले. सकाळी उरल्या त्या बाहेरच्या भिंती आणि मनोरा. २९ डिसेंबरला लंडनच्या सेंट पॉलच्या घुमटावरील शिशात एक बाँब रुतला. तो निखळून खालच्या दगडी सज्जात पडला व विझविता आला. छपरावर जागणाऱ्या स्वयंसेवकांनी ती वास्तू राखली. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शचा घुमट तर दगडी होता. तरीही आतल्या आगीने खांब तापून तो १५ फेब्रुवारी १९४५ रोजी कोसळला. त्या चर्चची पुनर्बांधणी २००५ साली पूर्ण झाली.

या इतिहासात हैदराबादचेही नाव आहे. निजामाच्या देणगीतील विमाने घेऊन ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या ‘हैदराबाद’ दलाने १९१८ साली जर्मन शहरांवर बाँब टाकले. १९४० साली १५२ क्रमांकाचे ‘हैदराबाद’ दल इंग्लंडच्या आकाशाचे रक्षण करीत होते. एकाच नगराचे नाव खड्गावरही होते आणि ढालीवरही.

६ एप्रिल १९४२ रोजी जपानी बाँब विशाखापट्टणम् व काकिनाडा येथे पडले. आबिड्सपर्यंत ते पोहोचले नाहीत. १९५४ च्या हेग कराराने युद्धकाळी अशा वास्तूंना संरक्षण देऊ केले. तथापि आकाशातून आग बरसू लागली म्हणजे प्राचीन वास्तूचा खरा आधार भिंतीची जाडी नव्हे, तर छपरावर जागणारी माणसे असतात.