बोनचे इस्पितळ आणि त्याचे द्राक्षमळे

पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात बोन हे जुन्या तटबंदीचे छोटे शहर आहे. 'ओस्पीस द बोन' ही तिथली धर्मादाय संस्था पावणेसहाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. रुग्णसेवा हे तिचे काम आणि सुमारे ६० हेक्टर द्राक्षमळे ही तिची मिळकत. जी वाइन विकत घेणे गरिबाच्या स्वप्नातही येणार नाही, तिच्या पैशातून गरिबांचे औषधपाणी व्हावे, असा हा उलटा हिशेब आहे. पण तो टिकला.

संस्था सुरू झाली तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्समधले शंभर वर्षांचे युद्ध अजून पुरते मिटलेले नव्हते. १४३५ मध्ये बर्गंडीचा फ्रान्सशी तह झाला, तरी बेकार झालेल्या सैनिकांच्या टोळ्या गावे लुटत फिरत होत्या. त्यातच दुष्काळ आणि रोगराई. अशा काळात बर्गंडीचा ड्यूक फिलिप याचा मुख्य कारभारी निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी ४ ऑगस्ट १४४३ रोजी इस्पितळाची स्थापना केली. पहिला रुग्ण दाखल झाला तो १ जानेवारी १४५२ रोजी. रोलँने सरकारी चाकरीत अफाट माया जमवली होती. इतक्यांना भिकेला लावल्यावर त्यांच्यासाठी घर बांधणे त्याला भागच होते, असा टोमणा राजा अकरावा लुई याच्या नावावर सांगितला जातो. खरेखोटे काहीही असो, समकालीनांचे त्याच्याविषयीचे मत त्यातून कळते.

'ओतेल-द्यू' म्हणून ओळखली जाणारी इमारत रस्त्यावरून पाहिली तर साधी वाटते: करड्या पाटीच्या दगडाचे उतरते छप्पर आणि उंच निमुळता मनोरा. आतल्या चौकात पाऊल टाकताच मात्र तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, तपकिरी रंगांच्या चकचकीत कौलांची नक्षी समोर येते. आजची कौले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्याने बसवलेली आहेत. गरिबांचे दालन सुमारे ५० मीटर लांब आहे आणि त्याचे लाकडी छत उलट्या नावेसारखे आहे. दोन्ही भिंतींना लागून खाटांच्या ओळी आहेत आणि दालनाच्या टोकालाच प्रार्थनागृह आहे. खाटेवरून न उठता रुग्णाला उपासना ऐकता यावी, अशी ही रचना. वेदीमागे रोजियर व्हान डेर वेडेन या चित्रकाराचा 'अखेरचा न्याय' हा अनेक फळ्यांचा चित्रफलक होता. एरवी तो मिटलेला असे. रविवारी आणि सणावारी उघडला की मरणाच्या दारातल्या माणसांना तराजूत तोलले जाणारे आत्मे दिसत. दिलासा आणि दहशत यांची इतकी जवळीक फार थोड्या इस्पितळांत असेल. हे चित्र आता इमारतीतच वेगळ्या खोलीत ठेवले आहे.

मळ्यांचे पहिले दान १४५७ मध्ये गिमेत लव्हेर्निए या बाईने दिले. पुढे शतकानुशतके श्रीमंत घराणी आणि निपुत्रिक जमीनदार इस्पितळाच्या नावे द्राक्षवेली लिहून देत राहिले. दात्याचे किंवा संस्थेसाठी राबलेल्यांचे नाव आजही वाइनला दिले जाते: कुठे निकोला रोलँ, कुठे गिगोन, तर कुठे रुग्णसेवा करणाऱ्या जोगिणी.

या दानाचे मोल कळायला बोनभोवतीचा उतार पाहावा लागतो. दीजोंपासून दक्षिणेकडे सुमारे ६० किलोमीटर ही चुनखडीची डोंगरकड जाते. तिच्या पूर्वेकडच्या अंगाला जेव्ह्रे, व्हूजो, न्वी, मग बोनच्या पुढे पोमार, व्होल्ने, म्यरसो अशी दगडी घरांची गावे रांगेने येतात. एका दिवसात मोटारीने सगळी पाहून होतात. लाल वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने, मुख्य द्राक्षे ही दोनच. फरक पडतो तो जागेमुळे. उताराच्या मध्यावर निचरा चांगला आणि सकाळचे ऊन भरपूर, म्हणून सर्वांत मानाचे मळे तिथे. खालच्या सपाटीवर माती जड, वाइन साधी. अशा नावनिशीवार तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात. असे १,२४७ तुकडे असलेला हा प्रदेश २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या. नंतरच्या वारसा कायद्याने मुलांमध्ये वाटण्या होत गेल्या. सितो मठाच्या साधूंनी कुंपणभिंत घातलेला क्लो द व्हूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा मळा आज ऐंशीच्या वर मालकांत विभागलेला आहे. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी येतात. ओस्पीसची गोष्ट उलटी. संस्थेला मरण नाही, त्यामुळे वाटणीही नाही. दानाने जमीन वाढतच गेली. तिची मशागत वीसेक द्राक्षकरी करतात आणि प्रत्येकाकडे ठरावीक तुकडे सोपवलेले असतात.

१८५९ पासून या वाइनचा जाहीर लिलाव होतो, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. तोडणी होऊन तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिने झालेले असतात. विकले जाते ते २२८ लिटरच्या ओकच्या पिंपातले कोवळे पेय. ते मुरवून बाटलीबंद करण्याचे काम खरेदीदाराला बर्गंडीतल्याच व्यापाऱ्याकडे सोपवावे लागते. पूर्वी मेणबत्ती विझेपर्यंत बोली चाले. आता ती प्रथा समारंभापुरती उरली आहे. भाव नेहमीच चढे असतात, कारण बोलीत धर्माचा वाटा असतो. तरीही सारा प्रांत त्यांवरून वर्षाचा अंदाज बांधतो. एक पिंप दरवर्षी वेगळ्या सत्कार्यासाठी विकले जाते. २०२२ मध्ये त्याला ८,१०,००० युरो मिळाले. लिलावाच्या आदल्या रात्री व्हूजोच्या गढीत मेजवानी असते आणि सोमवारी म्यरसोमध्ये दुपारचे लांबलचक जेवण. तिथे प्रत्येक जण आपापल्या बाटल्या घेऊन येतो.

जुन्या इमारतीतले इस्पितळ १९७१ मध्ये हलले आणि दालने संग्रहालय झाली. मळ्यांचे उत्पन्न आता बोनच्या आधुनिक रुग्णालयाची उपकरणे व बांधकाम, वृद्धाश्रम आणि ओतेल-द्यूची देखभाल यांवर खर्च होते.